दवंडी बाजारात, दप्तर चावडीत

सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आम्हा दहा-बारा जणांचा एक छोटा गट होता. त्यात दोन-तीन निवृत्त अधिकारी, दोन शिक्षिका आणि बाकी तरुण अभियंते. दिल्ली, इंदूर, बडोदा, बंगळूर अशा महाराष्ट्राबाहेरच्या शहरांतील मराठी कुटुंबांना संगणकावर मराठी लिहायला शिकवायचे, एवढेच आमचे काम. इन्स्क्रिप्ट कळफलक, युनिकोड, लिबर ऑफिसचे मराठी रूप असे छोटे छोटे धडे आम्ही तयार करीत असू. पुढे परदेशातील काही आई-बाबाही मुलांसाठी ते धडे मागू लागले. सर्व साधने मुक्त सॉफ्टवेअरची असावीत हा आमचा आग्रह होता आणि त्याचा थोडाफार अभिमानही होता.

एका बैठकीत प्रस्ताव आला की आपल्या लहानशा संकेतस्थळावर कोणी फिरकत नाही, तेव्हा यापुढचे धडे एका मोठ्या समाजमाध्यमावरच टाकावेत आणि आपसातील चर्चाही तिथेच करावी. गटातील सर्वांत लहान मुलाने विरोध केला. तो म्हणाला, "सर, ज्या दुकानाविरुद्ध आपण बोलतो, त्याच दुकानाच्या ओट्यावर बसून बोलायचे का? आणि आपलं ऐकायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी त्या दुकानात नाव नोंदवायला लावायचे का?" अध्यक्षस्थानी मी होतो. तीस-पस्तीस वर्षे बैठका चालवल्याने अंगी एक आवाज आलेला असतो, त्या आवाजात मी सांगितले की लोक जिथे आहेत तिथे आपण गेले पाहिजे, हा प्रशासनाचा पहिला धडा आहे. ठराव मंजूर झाला. तो मुलगा काही बोलला नाही. त्याने त्या माध्यमावर खाते मात्र उघडले नाही, आणि हळूहळू आमच्या कामातून तो दिसेनासा झाला.

पुढे काय झाले ते सांगेनच. त्याआधी त्याचा प्रश्न नीट मांडायला हवा, कारण त्या दिवशी मी तो नीट ऐकला नव्हता.

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे फुकट सॉफ्टवेअर नव्हे, हे अजूनही वारंवार सांगावे लागते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन झाले. त्यामागचा विचार चार स्वातंत्र्यांचा आहे. आपल्या हातातील सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी वापरता यावे, ते कसे चालते हे पाहून बदलता यावे, त्याची प्रत शेजाऱ्याला देता यावी, आणि बदललेली प्रतही देता यावी. पैसे घ्यायला इथे बंदी नाही. बंदी आहे ती वापरणाऱ्याचे हात बांधायला.

प्रशासनात आयुष्य घालवलेल्या माणसाला याचे महत्त्व पुस्तकातून कळत नाही, दप्तरातून कळते. १९९० च्या दशकात आमच्या कार्यालयात मराठी टंकनासाठी एका कंपनीचे फाँट घेतले होते, शेजारच्या कार्यालयाने दुसऱ्या कंपनीचे. दोघांची अक्षरांची आतली सांकेतिक रचना वेगळी आणि ती रचना ही ज्याची त्याची खासगी मालमत्ता. एकाचे पत्र दुसऱ्याकडे उघडले की पडद्यावर रोमन अक्षरांचा भुसा दिसायचा. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्येच भारतीय लिपींसाठी इस्की हे मानक व त्यासोबत इन्स्क्रिप्ट कळफलक मान्य केला होता, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षाची. पण मानक कागदावर आणि कार्यालय विक्रेत्याच्या हातात, अशी स्थिती पुढे कित्येक वर्षे राहिली. त्या काळात टंकलेल्या कित्येक संचिका आज केवळ छापील प्रत उरली म्हणून वाचता येतात. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांपैकी ज्यांनी त्या वेळी गावाकडून आलेले मराठी पत्र उघडून कपाळाला हात लावला असेल, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

म्हणजे त्या मुलाची तत्त्वनिष्ठा मला परकी नव्हती. प्रश्न होता तो साध्य आणि साधन यांचा.

या बाबतीत स्टॉलमन यांचाच एक जुना अनुभव उपयोगी पडतो. ग्नूची सुरुवातीची साधने त्यांनी लिहिली ती युनिक्स या बंदिस्त प्रणालीवर बसून. दुसरा इलाजच नव्हता, कारण मुक्त प्रणाली अजून अस्तित्वात यायची होती. यात विसंगती नाही का, हा प्रश्न त्यांनी स्वतःच घेतला आहे आणि उत्तर असे दिले आहे की युनिक्सची जागा घेणारी मुक्त प्रणाली तयार करण्यासाठी युनिक्स वापरणे समर्थनीय आहे, आणि पर्याय तयार झाला की ते समर्थन संपते. ही कसोटी मला फार मोलाची वाटते. ती सोवळ्याची नाही. आणि 'सगळे वापरतात म्हणून आपणही' या सबबीलाही ती वाव देत नाही. हत्यार दुसऱ्याचे घेतले तर ते ज्या कामासाठी घेतले ते काम पुढे सरकते आहे की नाही, हे दर खेपेला पाहावे लागते.

कसोटी न पाळल्यास काय होते, हे लिनक्सच्या गाभ्यावर काम करणाऱ्यांनी अनुभवले. २००२ पासून ते आपल्या आज्ञावलीच्या आवृत्त्या सांभाळण्यासाठी बिटकीपर नावाचे बंदिस्त साधन वापरत होते. कंपनीने ते त्यांना विनामूल्य दिले होते. अनेकांनी हरकत घेतली, पण लिनस टॉरवाल्ड्स यांचे मत असे की साधन उत्तम आहे, बाकी वाद कशाला. एप्रिल २००५ मध्ये कंपनीने विनामूल्य परवाना काढून घेतला. टॉरवाल्ड्स यांनी त्याच महिन्यात गिट लिहायला घेतले आणि आज जगभरचे संगणकतज्ज्ञ गिटवर काम करतात. शेवट गोड झाला खरा. पण असा शेवट गोड करण्यासाठी हाताशी एक टॉरवाल्ड्स असावा लागतो. आमच्या गटात नव्हता.

पुढची गंमत पाहा. गिट मुक्त, पण ते वापरून ज्या गिटहबवर लाखो मुक्त प्रकल्प ठेवलेले आहेत ते स्थळ खासगी, आणि २०१८ पासून मायक्रोसॉफ्टच्या मालकीचे. जुलै २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे इराण, सीरिया व क्रिमिया येथील लोकांच्या खात्यांवर तिथे बंधने आली. तरीही या व्यवस्थेत एक मोठा दिलासा आहे. गिटमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाच्या संगणकावर प्रकल्पाची इतिहासासह संपूर्ण प्रत असते. घरमालकाने दार लावले तर सामान घेऊन दुसऱ्या घरी जाता येते.

समाजमाध्यमाचे तसे नाही, आणि माझ्या मते सगळा वाद या एका मुद्द्यावर येऊन थांबतो. तिथे आपण जे साठवतो ते लेख आणि चित्रफिती नसतात, ती माणसे असतात. आपले वाचक, त्यांचे आपसातले संबंध, त्यांनी विचारलेल्या शंका, त्यावरची उत्तरे. लेखाची प्रत आपल्याकडे असेल, पण जमलेल्या मंडळींची प्रत काढता येत नाही. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले, गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये, याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये. परदेशी गेलेल्या मराठी माणसांच्या एका पिढीची पहिली ओळख अशाच ठिकाणी झाली होती. ती मंडळी पुढे पांगली, ती पांगलीच.

शिवाय तिथून बाहेरची वाट दाखवण्याचा हक्कही घरमालकाच्या मर्जीवर असतो. १८ डिसेंबर २०२२ रोजी ट्विटरने नियम काढला की मॅस्टोडॉनसारख्या दुसऱ्या माध्यमांवरील आपल्या खात्याचा पत्ता इथे देऊन प्रचार करता येणार नाही. ओरड झाल्याने तो लगेच मागे घेतला गेला, हे खरे. पण नियम किती सहज काढता येतो ते त्या एका दिवसात दिसले. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने फेसबुकपासून दूर राहण्याचे आवाहन पूर्वीपासून केले आहे. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन युरोपने तर जानेवारी २०२५ मध्ये एक्स, म्हणजे पूर्वीचे ट्विटर, सोडले. वर्षानुवर्षे जमवलेले अनुयायी मागे ठेवून जाणे त्यांना सोपे गेले नसणार.

आता दुसरी बाजू. ती मी त्या बैठकीत मांडली होती आणि आजही ती मला खोटी वाटत नाही. २०१५ च्या शेवटी फेसबुकने फ्री बेसिक्स या योजनेसाठी भारतात मोठी मोहीम चालवली. काही निवडक स्थळे विनामूल्य, बाकीच्या महाजालासाठी पैसे, अशी ती योजना. आपल्या वापरकर्त्यांकडून ट्रायला पाठिंब्याची पत्रे पाठवण्याची सोय फेसबुकने स्वतःच्याच पडद्यावर करून दिली होती. विरोध करणाऱ्यांत मुक्त सॉफ्टवेअरची मंडळी पुढे होती, आणि त्यांची हाक पसरली तीही मोठ्या प्रमाणात फेसबुक, ट्विटर, यूट्यूब यांवरूनच. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने भेदभावाच्या दरांना मनाई करणारे विनियम काढले. ओट्यावर बसून दुकानदाराच्या विरोधात बोलून यश मिळाल्याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. मात्र निर्णय झाला तो ट्रायच्या दप्तरात दाखल झालेल्या लेखी निवेदनांवर, हेही ध्यानात ठेवावे. माध्यमाने माणसे जागी केली आणि जागी झालेली माणसे बाहेर येऊन लिहिती झाली.

याउलट नोव्हेंबर २०१९ मध्ये ज्येष्ठ विधिज्ञ संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद झाल्यावर भारतातील बरेच लोक रागाने मॅस्टोडॉनवर गेले. मीही गेलो. मॅस्टोडॉन मुक्त आहे, कोणी एक त्याचा मालक नाही, वेगवेगळे सर्व्हर आपसात बोलू शकतात. तत्त्वतः सगळे उत्तम. दोन महिन्यांत तिथे माझ्या ओळखीचे कोणी उरले नव्हते. तत्त्व म्हणून मी आणखी काही दिवस लिहीत राहिलो, आणि एका संध्याकाळी लक्षात आले की आपण रिकाम्या सभागृहात भाषण करतो आहोत.

केरळचे उदाहरण मला या दोन्हींपेक्षा मोठे वाटते. तिथे २००१ मध्ये आयटी अ‍ॅट स्कूल प्रकल्प सुरू झाला, त्याच वर्षी तिरुवनंतपुरमला स्टॉलमन यांच्या उपस्थितीत फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडियाची सुरुवात झाली, आणि त्या दशकात राज्याच्या शाळा पायरीपायरीने मुक्त प्रणालीवर आल्या. २०१७ पासून हेच काम काईट ही सरकारी कंपनी पाहते. हे घडले तेव्हा आजची समाजमाध्यमे एकतर जन्मली नव्हती किंवा रांगत होती. शिक्षकांची प्रशिक्षणे, मल्याळममध्ये चालणारा संगणक, परीक्षेत विचारला जाणारा अभ्यासक्रम, बिघडलेले यंत्र दुरुस्त करायला येणारा माणूस, अशा कंटाळवाण्या गोष्टींनी ते घडले. आपल्याकडील प्रचारक मंडळी 'कोणत्या माध्यमावर जावे' यावर जेवढी शाई खर्च करतात, तिच्या चौथाईने एखाद्या तालुक्यातील शिक्षकांचे वर्ग होतील. हा टोला मी स्वतःलाही मारतो आहे.

इथपर्यंत मी स्वयंसेवकांबद्दल बोललो. शासनाचा प्रश्न मात्र वेगळा आहे, आणि त्याबाबत माझे मत अधिक कडक आहे.

जुन्या काळी गावात काही जाहीर करायचे असले की कोतवाल डफ घेऊन निघे आणि चौकात, बाजारात दवंडी पिटे. बाजार कोणाच्या मालकीचा आहे हे तो पाहत नसे, माणसे कुठे आहेत ते पाहत असे. पण ज्या नोंदीची दवंडी, ती नोंद चावडीत तलाठ्याच्या दप्तरात असे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० मध्ये फेरफाराची पूर्ण प्रत चावडीत ठळक जागी लावण्याची तरतूद आहे, ती याच रीतीतली. दवंडी ऐकली नाही तरी चावडीत जाऊन नोंद पाहण्याचा हक्क शाबूत. आणि चावडीत शिरण्यासाठी कोण्या सावकाराच्या वहीत आधी आपले नाव लिहावे लागत नसे.

आज अनेक कार्यालयांत दवंडी आणि दप्तर यांची अदलाबदल झाली आहे. निवृत्तीनंतर एका जिल्ह्यात सल्लागार म्हणून गेलो असता एका पूरस्थितीतील निर्णयांची संचिका मी मागितली. संचिका नव्हती. सगळे आदेश निरोपांच्या एका अ‍ॅपवरील गटात दिले होते. गट ज्या अधिकाऱ्याने तयार केला त्यांची बदली झालेली, ज्या लिपिकाकडे सर्व निरोप होते त्यांचा फोन बदललेला. काम उत्तम झाले होते, माणसे वाचली होती, याबद्दल शंका नाही. पण कोणत्या गावाला बोट केव्हा पाठवली आणि कोणाच्या आदेशाने, हे पुढच्या पुरासाठी कोणाला शिकायचे असेल तर काही उरलेले नव्हते. केंद्राचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ संगणकाने निर्माण झालेली सामग्रीही अभिलेखात मोजतो, आणि पूर्वपरवानगीशिवाय असा अभिलेख भारताबाहेर नेण्यास मनाई करतो. परक्या कंपनीच्या, बहुधा परदेशातील यंत्रांवरून आदेश देणाऱ्या किती अधिकाऱ्यांनी हे कलम वाचले असेल? माहितीचा अधिकार २००५ मध्ये आला. नागरिकाने त्याखाली अर्ज केला तर त्याला फोनचा पडदा दाखवायचा काय?

केंद्र शासनाने २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण, २०१२ मध्ये शासकीय संस्थांसाठी समाजमाध्यमांच्या वापराची मार्गदर्शक चौकट आणि २०१५ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण काढले. तीन कागद तीन कपाटांत आहेत. ते एकत्र ठेवून वाचले तर उत्तर जवळजवळ मिळते, पण तसे वाचलेले मला कोणी भेटले नाही.

युरोपात थोडे पुढे पाऊल पडले आहे. जर्मनीच्या संघीय विदा-संरक्षण आयुक्तांनी २०२० मध्ये शासकीय संस्थांसाठी स्वतःचा मॅस्टोडॉन सर्व्हर उभा केला, नेदरलँड्सच्या शासनाने २०२३ मध्ये तसेच केले. त्याच वर्षी जर्मन आयुक्तांनी सरकारच्या माध्यम कार्यालयाला फेसबुकवरील पान बंद करण्याचा आदेशही दिला. कोलोनच्या प्रशासकीय न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये त्या आदेशाविरुद्ध निकाल दिला. म्हणजे तिथेही वाद मिटलेला नाही. पण वाद कार्यालयात आणि न्यायालयात चालला आहे, कायद्याच्या भाषेत चालला आहे. आपल्याकडे तो सुरूच झालेला नाही.

आपल्याकडे पर्याय म्हटला की 'स्वदेशी' हा शब्द पुढे येतो. २०२१ च्या सुरुवातीस कित्येक मंत्रालयांनी कू या देशी माध्यमावर खाती उघडली. जुलै २०२४ मध्ये कू बंद झाले. देशी उद्योगाबद्दल मला आस्था आहे, परंतु कुलूप देशी आहे म्हणून किल्ली आपल्या हाती येत नाही.

तेव्हा माझे आजचे मत असे. मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी बंदिस्त समाजमाध्यमांवर जरूर जावे, दवंडी पिटावी, आणि दवंडीचे शेवटचे वाक्य नेहमी 'नोंद अमुक ठिकाणी पाहा' असे असावे. ते ठिकाण कोणतेही खाते न उघडता, कोणत्याही साध्या यंत्रावर उघडणारे असावे. धडा आधी तिथे यावा, मग बाजारात. गटाचे आपसातील काम मात्र बाजारात कधीच नसावे. जो सहकारी तत्त्वासाठी खाते उघडत नाही त्याला आपल्याच कामाबाहेर ठेवणारी सोय ही सोय नव्हे. आणि वर्षातून एकदा हिशेब मांडावा की बाजारातून किती जण चावडीपर्यंत आले. कोणीच येत नसेल, तर आपण फक्त दुकानाची गर्दी वाढवतो आहोत आणि स्टॉलमन यांच्या कसोटीवर आपण नापास आहोत. शासनाला याहून कमी सूट. दवंडीखेरीज कोणतेही काम, कोणतीही सेवा, कोणताही आदेश केवळ खासगी माध्यमावर असता कामा नये.

हे शहाणपण मला आयते मिळालेले नाही. आमच्या त्या गटाचे खाते साडेतीन वर्षांनी एका सकाळी बंद झालेले आढळले. कारण कळले नाही. नियमभंग झाला, एवढेच एक यांत्रिक उत्तर आले. आम्ही चार अर्ज केले, चारही वेळा तेच उत्तर. मी आयुष्यभर नागरिकांचे अपील अर्ज निकाली काढले आहेत, आणि कारण न देता अर्ज फेटाळला तर वरचे न्यायाधिकरण काय म्हणते हे मला पाठ आहे. इथे वर कोणी नव्हते. धडे होते एक्केचाळीस. आपापल्या प्रती असतीलच असे प्रत्येकाला दुसऱ्याबद्दल वाटत होते. शंका-समाधानाचा भाग, जो माझ्या मते धड्यांपेक्षा मोलाचा होता, तो तर पूर्णच गेला.

त्या मुलाला फोन करायला मला दोन आठवडे लागले. तो आता पुण्यात नोकरी करतो. मी बैठकीची आठवण काढली. तो म्हणाला, "जाऊ द्या सर, तुम्ही तेव्हा चुकीचं बोलला नव्हता. माणसं तिथेच होती." मग म्हणाला की त्याची बहीण त्या माध्यमावर होती आणि तिच्याकडून तो दर नवा धडा उतरवून घेत असे, मुक्त स्वरूपात बदलून ठेवत असे, सवय म्हणून. आठवड्याने टपालाने एक पेन ड्राइव्ह आला. त्यात चौतीस धडे निघाले. ते आम्ही पुन्हा आमच्या जुन्या, कोणी न फिरकणाऱ्या संकेतस्थळावर लावतो आहोत.

सात धडे अजून सापडलेले नाहीत. जोडाक्षरांवरचे तीन, रफार व अर्धा र यांवरचा एक, आणि तक्ते कसे करावेत यावरचे तीन. परदेशातील किंवा इतर राज्यांतील ज्या वाचकांनी ते त्या वेळी मुलांसाठी उतरवून घेतले असतील, त्यांनी कृपया कळवावे. कोणत्याही स्वरूपात असले तरी चालतील.